मुलांचे हातमोजे: ऊबदार, वॉटरप्रूफ आणि पोरांना स्वतःचे स्वतः घालता येतील असे

कोथिंबीरवडी | १९ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये पुण्याहून मिनियापोलिसला आलो. लेक साडेपाच वर्षांची, किंडरगार्टनला जाते. धाकटा दोन वर्षांचा, डेकेअरला. जॅकेट, स्नोपँट, बूट ही सगळी खरेदी नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांना विचारून नीट केली. हातमोज्यांबद्दल मात्र कुणाला विचारलंच नाही. म्हटलं हातमोजेच ते, त्यात काय बघायचं! दुकानात काउंटरजवळ लटकवलेले असतात ना, ताणले जाणारे, विणलेले, सहा जोड्यांचा गठ्ठा, तो उचलला.

गेल्या आठवड्यात पहिला स्नो पडला. दुपारी लेक बसमधून उतरली ती दोन्ही हात जॅकेटच्या आत पोटाशी धरून, डोळ्यांत पाणी. मोजे दप्तरात कोंबलेले, पिळले तर धार लागेल इतके ओले. बोटं लालबुंद. बरं, त्या दिवशी थंडीही फार नव्हती, शून्याच्या आसपास. दुसऱ्या दिवशी बाईंची चिठ्ठी आली: मुलं रिसेसला रोज बाहेर जातात, तरी कृपया वॉटरप्रूफ हातमोजे पाठवा, जमल्यास दोन जोड्या, आणि मुलीला स्वतःचे स्वतः घालता यायला हवेत.

दुकानात गेले तर भिंतभर हातमोजे. पाच डॉलरपासून साठ डॉलरपर्यंत, आणि झाडून सगळ्यांवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं. मग फरक कशाचा? लेकीला बोटांचे हवेत, 'मोठ्या मुलींसारखे'. बोटांचे घ्यावे की बिनबोटांचे? जाड घ्यावे की पातळ? एका जोडीत हिवाळा निघतो का?

आणि एक नाजूक प्रश्न. आईने नाशिकहून दोघांसाठी लोकरीचे हातमोजे विणून पाठवलेत. सुंदर आहेत, पण स्नोमध्ये घातले की लोकरीला बर्फाच्या गोळ्या चिकटतात आणि घरात आल्यावर त्यांचं पाणी होतं. आई दर व्हिडिओ कॉलला विचारते, 'घालतात ना गं?' मी 'हो' म्हणते. काय करू?

---

उणे_चाळीस (विनिपेग) | १९ नोव्हेंबर

बिनबोटांचे. पुढचा प्रश्न?

---

कोथिंबीरवडी | १९ नोव्हेंबर

अहो, जरा सविस्तर!

---

उणे_चाळीस | १९ नोव्हेंबर

बरं. चौदा हिवाळे आणि तीन पोरं झाली आहेत, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

बोटांच्या मोज्यात प्रत्येक बोट एकटं काकडतं. बिनबोटांच्यात, म्हणजे मिटन्समध्ये, चौघं एका गोधडीत झोपतात. एवढं एकच कारण पुरेसं आहे. शिवाय पाच वर्षांच्या मुलाला बोटांचे हातमोजे घालून द्यायचे म्हणजे पाच बोटं पाच भोकांत, करंगळी आणि अनामिका हटकून एकाच भोकात, तोवर बाकीचा वर्ग बाहेर पोचलेला. तिला बोटांचे हवेच असतील तर गाडीतून दुकानात जायला एक जोडी घेऊन द्या. रिसेसला मिटन्स.

दुसरं, माप. घट्ट मोजा कितीही जाड असला तरी गार. आतल्या भरणात अडकलेली हवा ऊब देते. ती दाबून टाकली की संपलं. हात आत घातल्यावर बोटांच्या टोकाशी सेंटीमीटरभर जागा राहिली पाहिजे आणि आत मूठ वळता आली पाहिजे. पोरांना शिकवा: गार वाटलं की अंगठाही आत ओढून घ्यायचा आणि मूठ करून बसायचं.

---

लिंगोन (गोथेनबर्ग) | २० नोव्हेंबर

उणे_चाळीस यांच्याशी सहमत, पण ते कोरड्या थंडीत राहतात. वडी, तुझ्या लेकीचा प्रसंग नीट बघ. थंडी फार नव्हती असं तूच लिहिलं आहेस. मला तर तिथेच सगळं उत्तर दिसतं.

उणे पंधराला स्नो पिठीसाखरेसारखा असतो. झटकला की पडतो, हात ओले होतच नाहीत. तेव्हा लागते ती ऊब. शून्याच्या आसपासचा स्नो म्हणजे ओली रेती. पोरांना तोच आवडतो, कारण त्याचेच गोळे होतात, त्याचाच स्नोमॅन होतो. वीस मिनिटं त्यात हात घालून बसलं की कुठलंही कापड हार मानतं. तेव्हा पाणी अडवणं महत्त्वाचं, जाडी दुय्यम. आमच्याकडे समुद्राकाठी अख्खा जानेवारी असाच जातो, शून्याच्या खाली-वर, निम्मा वेळ पाऊस.

म्हणून इथल्या डेकेअरमध्ये प्रत्येक मुलाच्या खणात दोन प्रकार लागतात. एक रबरासारख्या, शिवणी वितळवून जोडलेल्या मटेरियलचे, आत मऊ फ्लीसचं अस्तर, चिखल-पाऊस-ओल्या स्नोसाठी. दिसायला भांडी घासायच्या मोज्यांचे चुलतभाऊ, पण पाणी म्हणून आत जात नाही. दुसरे जाड, भरलेले, कडक थंडीसाठी. दोन्ही गुण एकाच मोज्यात मिळतात असं दुकानदार सांगतो. मिळतात, पण दोन्ही अर्धे.

---

कोथिंबीरवडी | २० नोव्हेंबर

हे कुणी सांगितलंच नव्हतं! मी उणे वीसच्या भीतीने सगळ्यात जाड बघत होते.

---

सहा_महिने_तिकडे | २० नोव्हेंबर

मी सत्तरीतला आजोबा. सहा महिने ठाण्यात, सहा महिने टोरांटोत. (मुलाचं म्हणणं, उलटे सहा महिने या. पण नातवाची शाळा हिवाळ्यात असते त्याला काय करणार.) सकाळी नातवाला तयार करून बसपर्यंत सोडणं हे माझं खातं, त्यामुळे या विषयात बोलायचा हक्क आहे असं समजतो.

सगळं अडतं ते अंगठ्याशी. मोजा हातात जातो, अंगठा बाकीच्या बोटांतच राहतो, आणि अंगठ्याचा कप्पा बाजूला शिंगासारखा रिकामा लोंबतो. आमचा मंत्र असा: 'अंगठोबा खोलीत, बाकीचे चौघे हॉलमध्ये.' नातू आता मोठ्याने म्हणत घालतो. त्याच्या वर्गातली एक चिनी मुलगीही म्हणते म्हणे.

दुसरा मुद्दा क्रमाचा. आखूड, विणलेल्या मनगटाचे मोजे जॅकेटच्या बाहीच्या आत जातात, म्हणजे आधी मोजे, मग जॅकेट. मग चेन कोण लावणार? मोजे घातलेल्या हाताने पोराला चेन लागत नाही. बाई एक, पोरं वीस. म्हणून शाळेसाठी लांब मनगटाचे, कोपराच्या दिशेने चढणारे, बाहीच्या वरून घालायचे घ्यावेत. ते सगळ्यात शेवटी घालता येतात: स्नोपँट, बूट, जॅकेट, चेन, टोपी, मोजे. माझ्या मते या एका गोष्टीवर निम्मी लढाई जिंकता येते.

हरवू नयेत म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी दोन मोज्यांना लांब नाडी लावून ती बाह्यांतून ओवून दिली होती. उत्तम चालतं.

---

स्टेथो | २१ नोव्हेंबर

काका, अंगठोबा फार आवडला. नाडीबद्दल मात्र थोडं थांबा. घसरगुंडीवर किंवा चढायच्या जाळीवर नाडी अडकून गळ्याशी ओढ बसू शकते. मुलांच्या जॅकेटांच्या गळ्याच्या नाड्यांबाबत अमेरिकेत १९९६ मध्येच सूचना निघाल्या, त्या याच कारणाने. बाबागाडीतल्या बाळाला नाडी ठीक. मैदानावर खेळणाऱ्या मुलाला बाहीला लावायचे छोटे चिमटे बरे, किंवा मनगटाला प्रत्येकी वेगळा सैल इलॅस्टिकचा पट्टा.

मी बालरोगतज्ज्ञ नाही, पण इमर्जन्सीत बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून थोडं. लाल बोटं, झिणझिण्या, रडू, हे सगळं दुखलं तरी ठीक आहे, रक्त फिरतंय. कातडी पांढरट किंवा राखाडी, मेणासारखी दिसायला लागली आणि मूल म्हणालं 'आता दुखत नाही', तर मात्र लगेच आत आणा. चोळू नका. स्नोने तर मुळीच नको, तो जुना समज आहे. हीटरवर किंवा शेगडीवर हात धरू नका, कारण बधिर बोटाला चटका बसलेला कळत नाही. आपल्या कोपराला सुखद वाटेल अशा कोमट पाण्यात हात बुडवा. कातडी मऊ होऊन गुलाबी झाली नाही, किंवा फोड आले, तर डॉक्टरकडे.

आणि हात गार पडतात तेव्हा फक्त हातांकडे बघू नका. अंग गार पडलं की शरीर आधी पोटातली ऊब राखतं आणि हातापायांचा रक्तपुरवठा आवळतं. कानटोपी नसलेल्या, जॅकेट उघडं टाकलेल्या पोराला साठ डॉलरचे मोजेही पुरत नाहीत.

---

उणे_चाळीस | २१ नोव्हेंबर

+१. त्यात आकडे घालतो. कॅनडाच्या हवामान खात्याच्या तक्त्याप्रमाणे वाऱ्यासकटचं तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघड्या कातडीला १० ते ३० मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. म्हणजे घराच्या दाराशी 'माझा मोजा सापडत नाही' हा कार्यक्रम तेवढ्या वेळात उरकायचा.

---

टाकेटिपे | २२ नोव्हेंबर

इचलकरंजीत वाढले, टेक्स्टाइल शिकले, आता मैदानी खेळांच्या कपड्यांच्या क्षेत्रात नोकरी. कापडाच्या धाग्यावर बोलायला हा धागा बरा मिळाला.

'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या मोज्यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली, नुसतं नायलॉन आणि त्यावर पाणी झटकणारा लेप. नवा असताना थेंब मोत्यांसारखे घरंगळतात, चार धुण्यांनंतर कापड पाणी प्यायला लागतं. दुसरी, आतमध्ये एक पातळ पडदा. वाफ बाहेर जाऊ देतो, पाणी आत येऊ देत नाही. गोअर-टेक्स हे त्यातलं गाजलेलं नाव, तसे बाकी पुष्कळ आहेत. तिसरी म्हणजे लिंगोन यांचं रबरी प्रकरण. वाफही कोंडते, पाणीही थांबतं.

दुसऱ्या प्रकारात एक गोम आहे. बहुतेक मोज्यांत हा पडदा बाहेरच्या कापडाला चिकटवलेला नसतो. बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये पिशवीसारखा सरकवलेला असतो. पाणी आत येत नाही हे खरं, पण बाहेरचं कापड आणि भरण भिजून मोजा जड होतो आणि गार पडतो. मूल म्हणतं 'ओलं झालं', आपण हात घालून बघतो तर आत कोरडं. दोघंही खरं बोलत असतात.

दुकानात करायची एक परीक्षा सांगते. मोज्यात हात घाला, टोकाशी अस्तर दोन बोटांच्या चिमटीत धरा आणि हळू ओढा. अस्तर सरसर बाहेर येत असेल तर ठेवून द्या. ओला हात बाहेर काढला की अस्तर त्याला चिकटून उलटं बाहेर येतं आणि मग ते परत आत बसवणं बापजन्मात जमत नाही. मिटन्समध्ये एक वेळ काठी घालून जमेल, बोटांच्या मोज्यात नाहीच.

आणि पाकिटावरचे ग्रॅम. थिन्सुलेट १००, १५० वगैरे लिहितात ते त्या भरणाचं चौरस मीटरला वजन. (थिन्सुलेट बनवणारी थ्री-एम तुमच्याच मिनेसोटातली, वडी!) तळव्याच्या बाजूला पकड यावी म्हणून बऱ्याचदा कमी भरण असतं आणि पाकिटावर पाठीचा आकडा छापतात. दाबून बघा.

धुताना सॉफ्टनर घालू नका, लेपावर थर बसतो. त्या लेपांत वर्षानुवर्षं जी फ्लोरिनची रसायनं वापरली गेली त्यांच्यावर कॅलिफोर्नियाने कपड्यांत २०२५ पासून बंदी आणली. लेबलवर 'पीफास नाही' (पीफास म्हणजे हीच रसायनं) असं दिसलं तर चांगलंच. मात्र या नव्या लेपांवर मळ आणि तेल लवकर बसतं, तेव्हा ते मधूनमधून धुवावे आणि वर्षातून एकदा लेपाचा फवारा मारावा लागतो.

---

केप्र (पुणे) | २२ नोव्हेंबर

धागा हायजॅक करतोय, माफी. नाताळात गुलमर्ग-पहलगामला चाललोय, मुलं ७ आणि ११. चार दिवसांसाठी एवढा अभ्यास करायचा का? तिथे भाड्याने सगळं मिळतं म्हणे.

---

टाकेटिपे | २२ नोव्हेंबर

मिळतं. आपल्या आधी तीन जणांनी त्याच दिवशी वापरलेलं, आतून दमट. कोट आणि गमबूट भाड्याने घ्या, हातमोजे स्वतःचे न्या. डेकॅथलॉनमध्ये लहान मुलांचे स्कीचे मोजे मिळतात. पण नोव्हेंबर संपायच्या आत जा, नंतर लहान मापं संपतात. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवाट डोंगरावर ३९०० मीटरच्या वर जातो, तिथे वारा बोचरा असतो. गुलमर्गच्या मैदानात मुलं स्नोत लोळणार, तिथे पाण्याचा प्रश्न.

जुगाड हवाच असेल तर: तिबेटी स्वेटरवाल्यांकडचे लोकरीचे मोजे, त्यावर मोठ्या मापाचे भांडी घासायचे रबरी मोजे, मनगटाला रबरबँड. घट्ट नको. फोटोत गुलाबी दिसतात, पण हात कोरडे.

---

केप्र | २२ नोव्हेंबर

बायकोने फोटोच्या कारणावरून फेटाळलं. डेकॅथलॉनला जातो.

---

कोथिंबीरवडी | २५ नोव्हेंबर

मंडळी, शनिवार सत्कारणी लावला. तीन जोड्या आणल्या आणि सिंकमध्ये परीक्षा घेतली.

पद्धत: टिश्यू पेपर मुठीत धरायचा, वरून मोजा (माझ्या हातात कसाबसा अर्धा गेला), थंड पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं बुडवायचं आणि मधून मधून मूठ दाबायची, पोरं गोळे करतात तशी. लेक घड्याळ धरून उभी. धाकट्याने तेवढ्यात उरलेला टिश्यूचा रोल बुडवला.

बारा डॉलरवाले: दोन मिनिटांत टिश्यूचा लगदा. पाणी कुठून आलं तेही कळलं, अंगठा जिथे तळव्याला शिवलेला असतो त्या शिवणीतून. तीस डॉलरवाले, आत पडदा असलेले: टिश्यू कोरडा, पण बाहेरून मोजा पाण्याने जड झाला, टाकेटिपे म्हणाल्या तस्सा. सुकायला रात्रभर लागून सकाळीही दमटच होता. लिंगोनचे रबरी: पंचवीस डॉलर, टिश्यू खडखडीत, फडक्याने पुसले की दुसऱ्या मिनिटाला परत घालायला तयार. पण मुलीने घरात दहा मिनिटं घातले तर हाताला घाम.

म्हणजे ओल्या दिवसांसाठी रबरी पक्के. कडक थंडीसाठी अजून ठरत नाहीये. धाकट्याचं तर वेगळंच. तो कुठलाही मोजा पाच सेकंदांत दाताने ओढून काढतो.

---

लिंगोन | २५ नोव्हेंबर

धाकट्यासाठी बाजूने पूर्ण उघडणारी चेन असलेले, जवळजवळ कोपरापर्यंतचे मिळतात. हात पसरून ठेवायचा, पुस्तकासारखा मोजा मिटायचा, चेन ओढायची. अंगठ्याचा कप्पा नसलेला चालेल, दोन वर्षांच्या मुलाला अंगठ्याचं स्नोमध्ये काय काम! जॅकेटच्या बाहीखाली सरकवले तर दाताला टोकच सापडत नाही.

सुकवायला वेळ लागतो म्हणालीस, त्यावर कुणीतरी लिहा. हीटरवर मोजा आडवा टाकून उपयोग होत नाही.

---

उणे_चाळीस | २५ नोव्हेंबर

तुमच्याकडे जमिनीत गरम हवेची जाळी असेल, मिनेसोटात बहुतेक घरांत असते. टॉयलेट पेपर संपला की आतली पुठ्ठ्याची नळी टाकू नका. ती मोज्यात उभी सरकवा, मोज्याचं तोंड खाली करून जाळीवर उभा करा. हवा नळीतून थेट टोकापर्यंत जाते. आमच्या हॉलमध्ये नोव्हेंबर ते मार्च सहा मोजे हात वर करून उभे असतात, पोलिसांनी पकडल्यासारखे.

कातडी मोजे मात्र थेट उष्णतेवर नकोत, पापडासारखे कडक होतात. त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून हवेशीर ठेवायचे आणि तासाभराने बोळे बदलायचे.

---

कोथिंबीरवडी | २ डिसेंबर

एक शोध लागलाय, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शेजारी एक साठीच्या बाई आहेत, जन्म इथल्याच उत्तर भागातला. मुलीचे हात बघून त्यांनी गराजमधून खोकं काढलं. त्यात त्यांच्या मुलांचे जुने मोजे: बाहेर हरणाच्या कातड्याची नुसती खोळ, आत वेगळा, सुटा लोकरीचा विणलेला मिटन. इथे त्यांना 'चॉपर्स' म्हणतात, लाकूडतोड्यांवरून. लोकर ओली झाली की ती बाहेर काढायची, खिशातली दुसरी आत घालायची. खोळ वेगळी सुकते, लोकर वेगळी.

मी खोकं बघत असतानाच डोक्यात दिवा लागला. घरी आले, आईचे विणलेले मोजे काढले आणि एक माप मोठ्या, पाणी अडवणाऱ्या, आत काहीच भरण नसलेल्या नायलॉनच्या खोळीत सरकवले. जणू तिच्यासाठीच विणले होते!

काल उणे चौदा होतं. लेक पाऊण तास बाहेर होती. परत आल्यावर मी हात धरला तर माझ्याच हातापेक्षा गरम.

---

टाकेटिपे | २ डिसेंबर

क्या बात है! शास्त्रही तुमच्या बाजूने आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. मुलांच्या हातांना घाम येतोच, तो ती पिते. लोकरीला वारा आणि बाहेरचं पाणी सोसत नाही, ते काम खोळीचं. एकच विचारते, आईंनी वापरलेली लोकर खरी आहे की ॲक्रिलिक? आपल्याकडे दुकानात दोन्हींना 'लोकर'च म्हणतात. एक धागा काढून जाळून बघा: केस जळल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर खरी, वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिक टाकाऊ नाही, फक्त ओली झाल्यावर गार पडते.

---

लिंगोन | २ डिसेंबर

अवांतर, पण राहवत नाही. स्वीडनच्या उत्तर टोकाला लोविक्का नावाचं गाव आहे. तिथे १८९२ मध्ये एरिका आइटामा नावाच्या बाईने फार जाड लोकरीचे मिटन्स विणले, गिऱ्हाइकाला ते आवडले नाहीत, म्हणून तिने ते धुऊन ब्रशने खरवडून मऊ केले. आजही तो प्रकार 'लोविक्का' याच नावाने विकला जातो. आईंना सांग, आतल्या बाजूने जरा ब्रश फिरवा.

---

सहा_महिने_तिकडे | ३ डिसेंबर

आता आईंना खरं सांगून टाका की इतके दिवस घालत नव्हते.

---

कोथिंबीरवडी | ३ डिसेंबर

काका, ते राहू द्या की. आता घालतात ना!

(जाळून बघितलं. केसांचा वास. आई म्हणाली, 'मग काय, तुला मी ॲक्रिलिक देईन होय?')

---

कोथिंबीरवडी | २१ जानेवारी

हिशेब द्यायला आले.

गेल्या आठवड्यात वाऱ्यासकट उणे तीसच्या खाली गेलं, त्या दिवसांत शाळेने मुलांना बाहेर सोडलंच नाही, त्यामुळे सगळ्यात मोठी परीक्षा झाली नाही. उणे अठरापर्यंत लोकर आणि खोळ पुरले. नाताळच्या सुमारास दोन दिवस पाऊस-स्नो मिसळून पडला तेव्हा रबरी जोडीने लाज राखली. वर्गात फक्त तिचेच हात कोरडे होते असं लेकीने घरी येऊन सांगितलं, थोडं वाढवून असेल. अंगठोबा इंग्रजी वर्गातही रुजलेत.

हरवले: रबरी एक, डावा. लोकरीचे दोन, दोन्ही उजवे. हे असं कसं होतं कुणी सांगेल का? 'सापडलेल्या वस्तूं'च्या पेटीत तीनदा हात घातला, दुसऱ्यांचेच चाळीस निघाले.

---

उणे_चाळीस | २१ जानेवारी

पुढच्या खेपेला एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या दोन जोड्या घ्या. एक उजवा हरवला तरी तीन उरतात. आणि नाव लिहायचं ते आतल्या लेबलवर नाही, मनगटाच्या बाहेर, जाड मार्करने. पेटीत आतलं लेबल बघत बसायला कुणाला वेळ असतो? सेल फेब्रुवारीत लागतात. तेव्हा पुढच्या वर्षासाठी एक माप मोठं घेऊन ठेवा, ऑक्टोबरमध्ये पूर्ण किमतीला घेण्यापेक्षा बरं.

---

कोथिंबीरवडी | २३ जानेवारी

लक्षात ठेवते. लोकरीच्या दोन उजव्यांची ऑर्डर नाशिकला गेली आहे. आईने मापासाठी लेकीचा पंजा कागदावर आखून फोटो मागितला. लेकीने सगळं स्वतः केलं, पेन्सिल धरून, जीभ बाहेर काढून. आज आईचा फोन: 'अगं, हिचा हात एवढा कसा वाढला? आणि बोटं कुठे गेली?'

मोजा घालूनच आखलाय.